ट्रॉलीमागचे दगड

नोव्हेंबर लागला की माझी सायकल हळू चालायला लागते. थंडीचा दोष नाही, दगडांचा आहे.

फुलेवाडीचा नाका मागं टाकून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलं, की गळिताच्या हंगामात पहाटेपासून ऊसच ऊस. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी हातभर बाहेर डोकावणारा ऊस, आणि मागच्या बाजूला दिव्याच्या नावानं शंख. यातली एखादी ट्रॉली रात्रीत कुठंतरी बसतेच. टायर फुटतो, आस मोडतो. मग ड्रायव्हर खाली उतरतो, बांधावरचे चार-सहा दगड आणतो आणि ट्रॉलीच्या मागं दहा-पंधरा पावलांवर ओळीनं मांडतो. वर उसाच्या वाड्याची एक पेंढी टाकतो. झाला धोक्याचा फलक. त्याचा हेतू चांगलाच असतो, हे मुद्दाम लिहिते. पण दुसरा टायर येतो, ट्रॉली निघून जाते, वाडं कुणाची तरी म्हैस खाऊन टाकते. दगड तेवढे राहतात.

मी उतरते, सायकल कडेच्या बाभळीला टेकवते आणि ते दगड एकेक करून रस्त्याच्या पलीकडं चरीत टाकते. सुरुवातीला दूधवाले गाडी हळू करून विचारायचे, ‘काय हरवलं काय ओ?’ आता विचारत नाहीत. माझ्या नावापुढं काय लागलं असेल ते मला माहीत आहे. एकदा एक ट्रॅक्टरवाला टायर बदलून निघायच्या बेतात असतानाच सापडला. म्हटलं, ‘दादा, दगड तेवढे बाजूला टाकून जावा की.’ तो जरा खजील झाला, मग म्हणाला, ‘असू देत की मॅडम. फुडं कुणाच्या तरी उपयोगी पडत्यात.’

माझ्या मामाच्या उपयोगी पडले होते. जानेवारी 2014.

मामा गुळव्या. ज्यांनी गुऱ्हाळ फक्त काकवी प्यायला जाऊन पाहिलंय, त्यांच्यासाठी सांगते. गुऱ्हाळात राबणारी माणसं पुष्कळ असतात. ऊस घालणारा, चिपाड वाळवणाऱ्या बाया, चुलाणात जाळ घालणारा, मळी काढणारा. पण काहिल, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, कधी उतरायची हे एकच माणूस सांगतो. अर्धं मिनिट लवकर उतरली तर गूळ बसत नाही, चिकट राहतो. अर्धं मिनिट उशीर झाला तर करपतो, काळा पडतो, आणि मार्केट यार्डात त्याच्याकडं कुणी मान वळवून बघत नाही. गुळव्या पाकाचा फेस बघतो, बुडबुडे बघतो, पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी गोळी वळतो, ती काहिलीच्या काठावर टाकून आवाज ऐकतो. पण मामाचं सगळं नाकावर होतं. तो काहिलीकडं पाठ करून तंबाखू मळत उभा असायचा, मध्येच हात थांबायचे, नाक जरा वर जायचं, आणि तो नुसतं म्हणायचा, ‘धरा.’ चौघे जण काहिलीला दांडे लावायचे. आम्ही पोरं त्याला ‘नाकमामा’ म्हणायचो. दुसऱ्या गुऱ्हाळांतून त्याला बोलावणी यायची.

त्या पहाटे शेवटचं आदण, म्हणजे काहिलीभर उकळलेला रस, वाफ्यात ओतून मामा सायकलवरून घरी निघाला. काळी बावीस इंची सायकल, डायनॅमो केव्हाचा बिघडलेला. नदीकडून धुकं वर आलेलं. दगड त्याला दिसले नाहीत, दिसले असते तरी वेळ नव्हता. पुढचं चाक दगडावर चढलं, हँडल फिरलं, मामा उजव्या कानावर आपटला. कुणी धडक दिली नाही, कुणी पळून गेलं नाही. गाडी नाही, नंबर नाही, पंचनामा नाही. मामा उठला. धोतर झाडलं. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं आणि राहिलेलं अंतर सायकल चालवत घरी आला.

यातलं शेवटचं वाक्य आमच्या घरात किती वेळा बोललं गेलं असेल! ‘सायकल चालवत आला की ओ.’ मामी पाहुण्यांना सांगायची, डॉक्टरांना सांगायची, स्वतःला सांगायची. तिचं काही चुकलं नव्हतं. जो माणूस तीन किलोमीटर सायकल मारत येतो, ‘पडलो जरा’ म्हणतो, टेंगळावर हळद लावून घेतो, चहा पितो, म्हशीला वैरण टाकली का विचारतो, त्याला काय झालं असेल? ‘डोस्कं जड झालंय, घटकाभर पडतो’ म्हणून तो आडवा झाला. रात्रभर जागलेला माणूस, झोपू दे म्हणून मामीनं दार ओढून घेतलं.

साडेआठला मामेबहीण उठवायला गेली तेव्हा तो घोरत होता. पण नेहमीचं घोरणं नव्हतं. उशीवर उलटी झालेली. हाका मारल्या, हलवलं, चिमटा काढला तर हात नुसता आखडून घेतला. गावातल्या जीपमध्ये घालून कोल्हापूरला आणलं. मी शाळेतून तशीच गेले. (लिहिताना मी ‘गेले’ लिहिते. तोंडानं मी कोल्हापूरची, ‘गेलो’च म्हणते.) तपासणाऱ्या तरुण डॉक्टरनं बॅटरीचा झोत दोन्ही डोळ्यांत पाडला आणि मला दाखवलं. एक बाहुली झोतासरशी आकसत होती, दुसरी रुपयाएवढी उघडी ती उघडीच. ‘पंधरापैकी आठ,’ तो दुसऱ्याला म्हणाला.

मी मास्तरीण, गुण ऐकले की कान टवकारतात. नंतर समजून घेतलं. ग्लासगो शहरात 1974 साली टीसडेल आणि जेनेट या दोघा मेंदूच्या सर्जननी माणूस किती शुद्धीवर आहे याची ही मोजणी बसवली. डोळे उघडण्याला चार, बोलण्याला पाच, हालचालीला सहा. एकूण पंधरा. तुम्ही आत्ता हे वाचताय म्हणजे तुमचे पंधरापैकी पंधरा. आणि कमीत कमी तीन, कारण प्रत्येक प्रश्नाला एक गुण असतोच. शून्य नसलेली ही एकच परीक्षा मला माहीत आहे.

सीटी स्कॅनमध्ये उजव्या कानशिलाचं हाड तडकलेलं होतं. त्या हाडाच्या आतून एक बारीक धमनी जाते, ती फाटली होती. कवटी आणि मेंदूवरचं जाड आवरण यांच्यामध्ये रक्त साठत जातं, पण त्याला वेळ लागतो. तोपर्यंत माणूस बोलतो, चालतो, चहा पितो, म्हशीची चौकशी करतो. डॉक्टर त्याला ल्युसिड इंटर्व्हल म्हणतात. आमच्या मामीच्या भाषेत, ‘सायकल चालवत आला की ओ.’ मग कवटीत जागा उरत नाही. कवटी म्हणजे काही फुगा नव्हे, आतलं रक्त वाढलं तर मेंदूच दबतो. डोक्याला मार लागून माणूस घरी आला आणि त्याला पुन्हा पुन्हा उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, तो गुंगायला लागला, भलतंच बोलायला लागला, एका बाजूचा हात लुळा पडला, झटका आला, कानातून किंवा नाकातून पाणी-रक्त आलं, तर हळद लावत बसायचं नसतं. सीटी स्कॅनची सोय असेल तिथं त्याच घटकेला पोचायचं असतं. हे मला 2014 च्या आधी कुणीही सांगितलं नव्हतं. मी बी.एड. झालेली बाई आहे.

दुपारी बाराला ऑपरेशन झालं. रक्त काढलं. मामा वाचला.

चौथ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेतलं. ते म्हणाले, रक्त काढलं ते ठीक आहे, पण मेंदूच्या पुढच्या भागालाही मार आहे. मामीनं विचारलं, ‘मार तर कानाला लागलाय, म्होरं कसा?’ डॉक्टर समजावू लागले. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, पाण्यात तरंगत असतो. डोकं आपटून एकदम थांबतं, पण आतला मेंदू थांबत नाही. तो इकडं आदळतो, तिकडं आदळतो, पिळवटतो. कवटीचा तळ पुढच्या बाजूला खडबडीत असतो, त्यावर घासतो. मामी ऐकत होती. मग म्हणाली, ‘म्हंजे दह्याचं गाडगं आपटल्यागत. गाडगं फुटलं न्हाई, पर कवडी मोडली.’

दही चांगलं लागलं की त्याला आपण कवडीदार दही म्हणतो. चमच्यानं काप निघतो. त्या गाडग्याला एक हिसका द्या. गाडग्याला ओरखडासुद्धा नसतो, आत कवडी मोडून पाणी सुटलेलं असतं. ती पुन्हा लागत नाही. इतकं नेमकं मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

पंधरा दिवसांनी मामा घरी आला. टाके निघाले, केस आले, चालायला लागला. गाव बघायला आलं. ‘काय न्हाई झालं, ठणठणीत हाय,’ असं म्हणत उसाचा रस पिऊन गेलं. मोडलेल्या पायाला प्लास्टर असतं, त्यामुळं त्याला घरात मान मिळतो. मोडलेल्या कवडीला प्लास्टर नसतं.

आधी नाक गेलं. म्हणजे गेलेलंच होतं, कळलं उशिरा. वासाच्या नसा मेंदूकडं जाताना नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडातून जातात, बारीक धाग्यांसारख्या. मेंदू पुढं-मागं हिसकला की ते धागे तुटतात. मटणाच्या रविवारी मामीनं तांबडा-पांढरा दोन्ही केला. मामा एक घोट घेऊन म्हणाला, ‘नुसतं तिखट लागतंय गं. रस्सा कुठं हाय?’ वास गेला की चवीतलं खारट, आंबट, गोड, कडू एवढंच राहतं. तिखट राहतं, कारण तिखट ही चवच नव्हे, ती आग आहे आणि तिची नस वेगळी. बाकी सगळा रस्सा नाकात असतो. एकदा गॅसची शेगडी नीट बंद झालेली नव्हती आणि मामा स्वयंपाकघरात बसून विडी शिलगावायच्या बेतात होता. मामी परड्यातून आली म्हणून वाचले. तेव्हापासून विडी बंद, म्हणजे काहीतरी चांगलंही झालं.

मग राग. उभ्या जन्मात मामानं बैलालाही चाबूक लावला नव्हता. तो ताट भिरकावायला लागला. मध्येच रडायचा, टीव्हीवरच्या जाहिरातीला रडायचा. पैसे कुणालाही द्यायचा. भावकीतलं लग्न ठरलेलं विसरायचा आणि 1972 च्या दुष्काळात कुणी किती ज्वारी उसनी नेली ते अचूक सांगायचा. संध्याकाळी थकून इतका गळायचा की शर्ट काढायलाही उठवायचं नाही. लोक म्हणाले डोकं फिरलं. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, अमावास्येला नारळ फिरवा. नारळही फिरवला, लपवत नाही. दीड वर्षानं एका डॉक्टर बाईंनी पहिल्यांदा नीट सांगितलं, की मेंदूचा पुढचा भाग म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. ‘थांब, बोलू नको, आधी विचार कर’ असं आतून सांगणारं. त्यालाच मार लागलाय. ते ऐकून मामी खूप रडली, पण त्यानंतर ती त्याच्यावर चिडायची थांबली. तिचं त्या दिवसातलं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. ‘मानूस माघारी आला खरा. पर आमचाच आला का न्हाई, कळंना.’

आपल्या देशात 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. हेल्मेट न घातलेली त्यांत 50,029, म्हणजे दुचाकी चालवणारे आणि मागं बसणारे मिळून. हे सरकारी आकडे आहेत. वाचताना माझं बोट रकाने शोधत फिरत होतं. मृत, गंभीर जखमी, किरकोळ जखमी. मामा यात कुठंच नाही. पोलिसांत नोंदच नाही. आणि नोंद असती तरी ‘नाक गेलं, राग आला, गुळव्या संपला’ याला रकाना कुठला?

मला सायकलचा नाद लागला तो मामाच्या या प्रकरणानंतर, हे ऐकून लोक हसतात. पण लहानपणी भाड्याच्या सायकलवर, नळीखालून पाय घालून शिकले होते, त्याची ओढ राहिलीच होती. चाळिशीला गुडघ्यांनी कुरकुर केली, तेव्हा सायकल घेतली आणि सायकलच्या आधी हेल्मेट घेतलं. दुकानदार म्हणाला, ‘रंकाळ्याला फेरी मारायला हेल्मेट कशाला मॅडम?’ त्याचं हे वाक्य कोल्हापूरचं राष्ट्रगीत आहे. गावात कशाला, हायवेला घालतो की.

म्हणून एक गणित घातलं. माझं डोकं सायकलवर जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. उभ्या सायकलवरून मी नुसती कलंडले, तरी दीड मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकताना ताशी साधारण 20 किलोमीटरच्या वेगात असते. पुढं जायचा वेग शून्य असला तरी. युरोपात सायकलचं हेल्मेट तपासतात तेही सपाट पोलादावर साधारण दीड मीटरवरून टाकून. म्हणजे हेल्मेट हायवेसाठी केलेलंच नाही. ते पडण्यासाठी केलंय, आणि पडायला रंकाळा पुरतो. आत असतो तो टीव्हीच्या खोक्यातला असतो तसाच थर्माकोल. तो चेपत जातो आणि डोक्याला थांबायला तेवढी जागा, तेवढे क्षण मिळतात. डांबर एवढंही देत नाही. एकदा चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसो, ते संपलं.

आणि पट्टा. आमच्या गावात हेल्मेट असतं, पण कुठं? आरशाला, कोपराला, पेट्रोलच्या टाकीवर. डोक्यावर असलं तर पट्टा खाली लोंबत असतो. चौकात पोलीस दिसला की घालायचं, चौक ओलांडला की काढायचं. जसा काही मार पोलिसाकडूनच लागणार आहे.

हेल्मेटचा इतिहास सायकलीपासून सुरू होतो असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. 13 मे 1935 ला इंग्लंडच्या डॉर्सेटमध्ये टी. ई. लॉरेन्स, अरबांच्या लढ्यातला तो प्रसिद्ध लॉरेन्स, मोटरसायकलवरून येत होता. चढ-उताराच्या रस्त्यावर सायकलवरची दोन पोरं एकदम समोर आली. त्यांना चुकवताना तो उडाला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी बेशुद्धीतच गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. ते या गोष्टीनं बेचैन झाले. पुढं युद्धात लष्कराचे निरोप नेणारे मोटरसायकलस्वार असेच मरताना त्यांनी पाहिले आणि 1941 साली मोटरसायकलवाल्यांच्या डोक्याचे मार आणि हेल्मेटचा उपयोग यावर लेख लिहिला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. साध्या नागरिकांसाठी कायदा व्हायला 1973 उजाडलं. म्हणजे साहेबालाही पटायला बत्तीस वर्षं लागली. तोवर केर्न्स जाऊन दोन दशकं झाली होती.

त्यामुळं कोल्हापूरकरांवर मी फार रागावत नाही. टोल घालवलेलं गाव आहे, सक्ती म्हटलं की आमच्या अंगावर काटा येतो आणि कृती समिती तयार होते. टोलच्या मोर्चात मीही होते, अजून अभिमान आहे. हेल्मेटसक्तीच्या विरोधातली कारणं मी सगळी ऐकलीत. उकडतं. केस जातात. अंबाडा बसत नाही. मागून हॉर्न ऐकू येत नाही (आमच्या गावातला हॉर्न? तो तर कबरीतही ऐकू येईल). एका बाबतीत मात्र त्यांचं खरं आहे. चौकात हेल्मेट नाही म्हणून मोटरसायकलवाल्याला बाजूला घेतलेलं असतं, आणि त्याच वेळी मागून दिवा नसलेली डबल ट्रॉली डौलात निघून जाते. तिच्याकडं कुणी बघत नाही. जो सापडायला सोपा तो गुन्हेगार. ज्या दिवशी रिफ्लेक्टरच्या पट्टीसाठी, ट्रॉलीच्या लाल दिव्यासाठी कृती समिती निघेल त्या दिवशी मी सगळ्यात पुढं फलक घेऊन उभी राहीन.

गतिरोधकांसाठीही निघायला हवी. गल्लीतल्या पोरानं मंडपाच्या उरलेल्या खडी-सिमेंटात घातलेला उंचवटा म्हणजे गतिरोधक नव्हे. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचं माप आहे. 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, म्हणजे अलगद चढ-उतार. वर पांढरे पट्टे, आधी फलक. आमच्याकडं असतो तो हातभर रुंदीचा बांध, रंग न मारलेला. त्यावर मोटरसायकलच्या मागं एका बाजूला बसलेली बाई, मांडीवर पोर, हाताला धरायला काही नाही, उडते ती सरळ डोक्यावर. चालवणाऱ्या नवऱ्याला खरचटतसुद्धा नाही. हळदीकुंकवाला गेलेल्या, माहेराला निघालेल्या किती बायका अशा गेल्या, प्रत्येक गल्लीला एखादी तरी ठाऊक असते.

माझं स्वतःचं पडणं तीन वर्षांपूर्वीचं. पन्हाळ्याहून उतरताना वाघबीळच्या अलीकडं, वळणावर ट्रकमधून सांडलेली वाळू. मागचं चाक सरकलं आणि मी डाव्या कुशीवर गेले. ‘टक्’ असा आवाज झाला, नारळ फुटावा तसा. तो आवाज मी डोक्याच्या आतून ऐकला. कोपर सोललं, बरगडी दुखावली, हेल्मेटला मागून पुढपर्यंत तडा. तरीही मैत्रिणींनी मला खाली आणून डॉक्टरला दाखवलं, त्या रात्री नवऱ्यानं दर दोन तासांनी उठवून ‘आज वार काय, मुख्यमंत्री कोण’ विचारलं. दुसऱ्या प्रश्नाला त्या वर्षी चुकण्याची शक्यता जरा जास्तच होती. पण वाचले.

ते फुटकं हेल्मेट घेऊन मी सातवीच्या वर्गात गेले. सोबत दोन स्टीलचे डबे, दोन्हींत रात्री विरजण लावलेलं. एकाला थर्माकोल गुंडाळून चिकटपट्टी मारली, दुसरा तसाच. पोरांना म्हटलं, बघा आता. गॅलरीतून दोन्ही खाली टाकले. उघडले तर दोन्हींतलं दही मोडलेलं. वर्गात असा हशा! मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, ‘मॅडम, मग हेल्मेट घालून उपयोग काय?’

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर मी त्या पोरामुळं शोधलं. पुढच्या वर्षी डबे गॅलरीऐवजी टेबलावरून टाकले. उघड्या डब्यातली कवडी मोडली, थर्माकोलच्या डब्यातली राहिली. थर्माकोलला जेवढं झेपतं तेवढंच झेपतं. वेग दुप्पट झाला की माराची ताकद चौपट होते. 2016 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 40 अभ्यास, 64,000 हून जास्त जखमी सायकलस्वार एकत्र मांडून पाहिले. हेल्मेटवाल्यांमध्ये डोक्याला मार लागण्याची शक्यता साधारण निम्मी होती, गंभीर मार लागण्याची तर 69 टक्के कमी. निम्मी म्हणजे शून्य नव्हे. गॅलरीतून पडलात तर हेल्मेट काही करू शकत नाही. म्हणून गॅलरीच कमी उंच करावी लागते, म्हणजे गाड्यांचा वेग.

नेदरलँडमध्ये सायकलवाले हेल्मेट क्वचितच घालतात, हे मला एका सायकलवाल्या मित्रानं विजयी मुद्रेनं सांगितलं होतं. खरं आहे. पण तिथं 1971 साली रस्त्यांवर तीन हजारांवर माणसं गेली होती, त्यांत चारशेहून अधिक लहान मुलं. आईबापांनी रस्त्यावर बसून, ‘मुलांची हत्या थांबवा’ अशी चळवळ उभी करून सरकारला वाकवलं, मग सायकलींच्या वेगळ्या वाटा झाल्या, गल्ल्यांत गाड्यांचा वेग उतरला. त्यांनी आधी रस्त्यालाच हेल्मेट घातलं. आपल्याकडं तसं होईपर्यंत मी माझं घालते, आणि त्या मित्राला सांगितलं, तुझं डोकं आम्सटरडॅमला ठेवून ये, मग फिर उघडा.

यंदाच्या संक्रांतीआधी मामाकडं गेले होते. मामा आता त्रेसष्ट वर्षांचा. राग पुष्कळ निवलाय, नाक आलेलं नाही. मधली पाच-सहा वर्षं तो गुऱ्हाळाकडं फिरकलाही नाही. आता गुळव्या म्हणून नाही, पण जातो. चुलाणाजवळ पोत्यावर बसतो. काहिल मामेभाऊ बघतो. मामाचं तंत्र आता बोटांचं आणि कानांचं आहे. पाक पाण्यात, गोळी काठावर. पण करपायच्या आधीचा तो एक वास असतो, तो गोळीत कळत नाही.

मी पोचले तेव्हा आदण शेवटाला आलं होतं. मामा उकिडवा बसून फेसाकडं बघत होता. बाजूच्या खांबाच्या खिळ्याला त्याचं निळं हेल्मेट अडकवलेलं, मी दिलेलं. पहिल्या वर्षी गावानं फार पिडलं होतं. ‘मामा, कुठल्या मॅचला?’ एकाला त्यानं गंभीरपणे सांगितलं होतं, ‘एक कवडी मोडलीया. दुसरी न्हाई माझ्याकडं.’ तेव्हापासून पिडणं थांबलं.

‘पोरी, हिकडं ये,’ तो म्हणाला. ‘वास सांग.’

मी वाकले. गरम वाफ तोंडावर आली. गोड, जड, कुठंतरी खरपूस. आणि त्याच्याखाली अजून काहीतरी, आत्ताच सुरू होऊ बघणारं. कसं सांगायचं ते कळेना. मी मराठी शिकवते आणि मला शब्द सापडेना.

‘भाजल्या शेंगांसारखा,’ म्हटलं. ‘शेंगा जरा जास्त भाजल्या की येतो ना, तसा येईल आता.’

मामानं डोळे मिटले. त्याच्या नाकपुड्या, सवयीनं असेल, जरा वर गेल्या.

‘धरा,’ तो म्हणाला, आणि चौघांनी दांडे उचलले.

निघताना त्यानं हेल्मेट खिळ्यावरून काढलं. पट्ट्याच्या खटक्याला वाळलेला पाक लागला होता, तो बसेना. मामानं अंगठ्याला थुंकी लावून खटका पुसला, दोनदा दाबून पाहिला, तिसऱ्यांदा तो लागला.